सगळं जोडलं, पण क्लच सुटेना! : तरफेचा धडा गॅरेजमध्ये



आजचा विषय जरा वेगळा आहे. वरवर पाहिलं तर हा लेख गाडीच्या क्लचबद्दल आहे. पण त्यातला धडा आपल्याच पुस्तकातला आहे, साधी यंत्रे आणि तरफ. शिवाय मुलाचं काही चुकलं की आपण ती चूक कुठे शोधतो, हाही प्रश्न त्यात आहे. तुम्ही गाडी चालवत नसाल तरी शेवटपर्यंत वाचा. वर्गात करून दाखवता येतील असे तीन सोपे प्रयोग शेवटी दिले आहेत.

झालं असं की...

राधानगरीत जुलै महिना म्हणजे पाऊस थांबायचं नावच घेत नाही. माझी जुनी छोटी गाडी आहे, केबलच्या क्लचची. दाजीपूरकडे जाणारा चढ आणि पुढे फोंडा घाट करून करून तिची क्लच प्लेट संपली होती. चढाला इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र पुढे सरकायची नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने नुकतंच स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. गॅरेज म्हणजे काय, चार पत्रे आणि एक जॅक. आयटीआय करून दोन-तीन वर्षं त्याने दुसऱ्याच्या हाताखाली काढली होती. पूर्ण क्लचचं काम एकट्याने करायची त्याची ही पहिलीच वेळ. गाडी मी त्याच्याकडेच दिली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गाडी आणायला गेले, तर हा डोक्याला हात लावून बसलेला.

"मॅडम, सगळं नवीन बसवलंय. प्लेट नवीन, प्रेशर प्लेट नवीन, बेअरिंग नवीन. तरी क्लच सुटंना झालाय. इंजिन बंद असलं की गिअर पडतोय, चालू केलं की नुसता करकर वाजतोय. केबल पण नवीन आणून टाकली, फरक न्हाई."

"मग आता काय करणार?"

"आता काय, गिअरबॉक्स परत खाली घ्यायला लागतोय बघा. आत काय तरी चुकलंय माझं."

गिअरबॉक्स परत उतरवायचा म्हणजे त्याचा आणखी एक पूर्ण दिवस. वर आतलं ऑइल सील खराब होण्याची भीती. आणि गावात बोभाटा होणार तो वेगळाच, "त्याच्याकडं क्लचचं काम टाकू नका रे!" नवीन गॅरेजवाल्याला हे परवडत नाही. खरं सांगायचं तर गाडी ओढून कोल्हापूरला न्यावी, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला. पन्नास-एक किलोमीटरचा तर रस्ता. पण मी स्टूल ओढून बसले आणि त्याला म्हटलं, "उतरवायच्या आधी एकदा मोजू या का?"

क्लच करतो तरी काय?

इंजिन चालू असताना सतत फिरत असतं. चाकं मात्र आपल्याला हवी तेव्हाच फिरायला हवीत. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक जोड असतो. हवा तेव्हा तो जोडता येतो, हवा तेव्हा सोडता येतो. हाच क्लच.

त्यात मुख्य तीन चकत्या असतात:

- फ्लायव्हील : इंजिनला घट्ट बोल्ट केलेली जड चकती. इंजिनबरोबर फिरते.
- क्लच प्लेट : मधली पातळ चकती. दोन्ही बाजूंना घर्षणाचं लायनिंग. तिच्या मध्यभागी खाचा असतात, त्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसतात. दांड्यावर ती मागेपुढे सरकू शकते, पण फिरायचं झालं तर दांड्याला घेऊनच फिरते.
- प्रेशर प्लेट : हीसुद्धा फ्लायव्हीललाच बोल्ट केलेली असते. तिच्यातली पसरट, बोटाबोटांची स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते.

पेडलवर पाय नसतो तेव्हा क्लच प्लेट सँडविचमधल्या काकडीसारखी दाबलेली असते आणि तिन्ही चकत्या एकत्र फिरतात. पेडल दाबलं की केबल ओढली जाते. केबल बाहेरची दांडी ओढते, दांडीमुळे आतला फोर्क हलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगची बोटं दाबतं आणि प्रेशर प्लेट मागे सरकते. क्लच प्लेट मोकळी होते. यालाच आपण 'क्लच सुटला' म्हणतो.

प्रेशर प्लेट मागे सरकते तरी किती? जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. क्लचच्या जोडणीत बारीकसारीक चूक का चालत नाही, याचं उत्तर या दोन मिलिमीटरमध्ये आहे.

पायापासून चकतीपर्यंत : तरफांची साखळी

तरफ शिकवताना आपण टेकू, भार आणि बल सांगतो. पण एक गोष्ट मुलांच्या डोक्यात नीट उतरत नाही. तरफ जोर वाढवते, पण तो फुकट देत नाही. जोर जितक्या पटीने वाढतो, अंतर तितक्या पटीने कमी होतं.

क्लचमध्ये अशा तीन तरफा एकापाठोपाठ एक असतात. हिशोबासाठी सोपे आकडे घेऊ (प्रत्येक गाडीचे वेगळे असतात):

1. पेडल : टेकूपासून पाय 25 सेंमीवर, केबल 5 सेंमीवर. म्हणजे 5 पट. पाय 120 मिमी खाली गेला तर केबल 24 मिमी सरकते.
2. बाहेरची दांडी आणि आतला फोर्क : 3 पट. 24 मिमीचे 8 मिमी झाले. रिलीज बेअरिंग तेवढं सरकतं.
3. प्रेशर प्लेटची स्प्रिंग : 4 पट. 8 मिमीचे 2 मिमी झाले.

5 × 3 × 4 = 60. घर्षणात थोडं जातं ते सोडून दिलं, तर पायाचा जोर 60 पटीने वाढला आणि अंतर 60 पटीने घटलं. त्यामुळेच आपण नुसत्या पायाने इतकी कडक स्प्रिंग दाबू शकतो. पण याच साखळीमुळे वाटेत कुठे थोडी हालचाल वाया गेली, की शेवटच्या टोकाला काही उरतच नाही.

आणखी एक गंमत आहे. क्लच प्लेटच्या दोन लायनिंगच्या मध्ये लाटेसारखी वाकवलेली पातळ स्प्रिंगची पाती असतात. त्यांच्यामुळे गाडी झटका न देता उचलते. दाब निघाला की ही प्लेट स्वतःच थोडी फुगते. प्रेशर प्लेट जेवढी मागे जाते त्यातला मिलिमीटरभर भाग प्लेटच्या फुगण्यातच जातो. जे उरतं तीच खरी फट, आणि तीही दोन बाजूंना वाटली जाते. म्हणजे 2 मिमीचे 1 मिमी झाले तर अर्धं काम होईल असं नाही. कामच होणार नाही.

आपल्या राधानगरीच्या मुलांना हे पटकन कळतं, कारण धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे त्यांनी पाहिलेले असतात. पाण्याची पातळी ठरलेल्या रेषेपर्यंत आली की दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की मिटतो. रेषेच्या जरा खाली पाणी असेल तर धरण कितीही भरलेलं दिसो, दरवाजा बंदच. क्लचचंही तसंच आहे. ठरलेली हालचाल पुरी झाली तर सुटला, थोडी कमी पडली तर चिकटलेलाच.

आधी खात्री करा, बिघाड क्लचचाच आहे ना?

- इंजिन बंद, गिअर सहज पडतात. इंजिन चालू, गिअर करकरतात किंवा पडतच नाहीत. मग बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही.
- इंजिन बंद असतानाही गिअर पडत नाहीत. मग आधी गिअरची दांडी आणि तिची जोडणी पाहा. तिथे क्लचच्या मागे लागण्यात अर्थ नाही.
- इंजिन चालू, पेडल पूर्ण दाबलेलं आणि तरी रिव्हर्स टाकताना करकर. रिव्हर्सला सहसा पुढच्या गिअरांसारखी वेग जुळवून घेणारी सोय नसते, त्यामुळे तिथे दोष लगेच ऐकू येतो.

आणखी एक पक्की तपासणी आहे, पण ती माहीतगार माणसानेच करावी. गाडी सपाट जागी घ्यायची, इंजिन बंद, किल्ली काढलेली, बाकीच्या चाकांना दगड लावलेले. इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते त्यातलं एक चाक उचलून गाडीखाली स्टँड लावायचा. गिअर टाकायचा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने उचललेलं चाक हाताने फिरवायचं. चाक मोकळं फिरलं तर क्लच सुटतोय. अडलं तर सुटत नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरू नका, हे मुलांनाही बजावून सांगा.

आणि 'चालतंय तोवर चालवू' म्हणून अशी गाडी रस्त्यावर काढू नका. क्लच सुटत नसेल तर ब्रेक लावतानाही इंजिन चाकांना ढकलतच राहतं. घाटातल्या वळणावर समोर गवा उभा असेल तर काय होईल, याची कल्पना करा.

मोठा फाटा : हालचाल बाहेर हरवली की आत?

आमचं काम इथे सुरू झालं. गिअरबॉक्सच्या बाहेर जी दांडी असते तिच्या टोकाची हालचाल पट्टीने मोजता येते. त्या एका मापावर पुढचा रस्ता ठरतो.

- दांडी हवी तेवढी हलत नसेल, तर बहुतेक वेळा चूक पेडल ते दांडी या टप्प्यात असते, म्हणजे बाहेरच. गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही.
- दांडी पुरेशी आणि जोर घेत हलत असेल आणि तरी क्लच सुटत नसेल, तर चूक आत आहे. मग उतरवायला पर्याय नाही.

'जोर घेत' हा शब्द महत्त्वाचा. दांडी हलताना स्प्रिंगचा विरोध जाणवला पाहिजे. नुसती पोकळ हलत असेल तर ती हालचाल हिशोबात धरायची नाही.

बाहेर काय काय पाहायचं?

1. पेडलखालची चटई. हसू नका! जाड किंवा दुमडलेल्या चटईमुळे पेडल दोन सेंमी वरच अडलं, तर साखळीत वरच्या टोकालाच सहावा हिस्सा गेला.
2. केबलची बैठक आणि वळण. केबलचं बाहेरचं आवरण आपल्या खोबणीत नीट बसलंय का? पेडल दाबताना आवरणच सरकत असेल तर ओढ वाया जाते.
3. पेडलचा मोकळा खेळ. केबलच्या गाडीत पेडल सुरुवातीला थोडं हलकं जातं. तेवढी ढिलाई हवीच, नाहीतर बेअरिंग कायम घासत राहील. पण ती गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाइतकीच हवी. जास्त असेल तर टोकाचा नट फिरवून कमी करायची.
4. तेलाचा क्लच असेल तर हवा. बऱ्याच नव्या गाड्यांत केबलऐवजी नळीतलं तेल जोर पोचवतं. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. काम करताना नळीत हवा शिरली की पेडल स्पंजासारखं लागतं आणि पायाची हालचाल हवा दाबण्यातच संपते. हवा काढली की क्लच सुटतो.
5. बाहेरच्या दांडीची खूण. आतल्या फोर्कचा दांडा केसिंगमधून बाहेर येतो. काही गाड्यांत त्यावर बारीक दाते असतात आणि दांडी त्या दात्यांवर बसवून बोल्टने आवळलेली असते. दांडी काढून परत बसवताना एक दाता जरी चुकला तरी सुरुवातीचा कोन बदलतो. म्हणून दांडा आणि दांडी या दोघांवर टिंबाची खूण असते. टिंबासमोर टिंब आलं पाहिजे.

आत काय चुकलेलं असू शकतं?

1. क्लच प्लेट उलटी बसणं. मधल्या स्प्रिंगांचा फुगीर भाग सहसा गिअरबॉक्सच्या बाजूला येतो. उलटी बसली तर तो फ्लायव्हीलच्या बोल्टना टेकतो आणि प्लेट मोकळी होत नाही. नव्या प्लेटवर कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ते बऱ्याचदा छापलेलं असतं.
2. क्लच प्लेट वाकणं. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभरही प्लेटच्या मध्यावर लटकलं तरी ती वाकू शकते. म्हणून खाली जॅक हवा, शिवाय दुसऱ्या माणसाचा हात हवा.
3. खाचांना गंज किंवा मार. प्लेट दांड्यावर सरकलीच नाही तर सुटणार कशी? खाचांवर ग्रीस अगदी पुसटसं लावायचं. जास्त झालं तर ते उडून लायनिंगवर जातं.
4. प्लेट चिकटणं. आपल्याकडच्या पावसाळ्यात गाडी महिना-दीड महिना उघड्यावर उभी राहिली, तर ओलाव्याने लायनिंग फ्लायव्हीलला धरून बसतं.
5. बोल्ट एका बाजूने आवळणं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर प्लेट तिरकी बसते.
6. फोर्क किंवा बेअरिंग निसटणं. फोर्क आपल्या जागेवर नसेल किंवा बेअरिंगची क्लिप बसली नसेल, तर हालचाल अर्धवट पोचते.
7. दांड्याच्या टोकाचं बेअरिंग जाम होणं. काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक इंजिनच्या बाजूच्या छोट्या बेअरिंगमध्ये बसतं. ते जाम असेल तर क्लच सुटूनही दांडा फिरतच राहतो.
8. चुकीचा सेट. नवी प्लेट जुनीच्या शेजारी ठेवून व्यास, जाडी आणि खाचा बघूनच बसवायची.

जुन्या क्लचची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आमच्या गाडीत काय निघालं?

मी दप्तरातली पट्टी काढली. पेडलची तरफ मोजली, वर सांगितली तशीच जवळपास 5 पट भरली. पेडल तळापर्यंत 140 मिमी जात होतं. त्यातले 20 मिमी हक्काची ढिलाई म्हणून सोडले. उरले 120. म्हणजे बाहेरच्या दांडीचं टोक जोर घेत 24 मिमीच्या आसपास हलायला हवं.

मी पेडल दाबलं, त्याने खाली वाकून मोजलं. दांडी आधी नुसती पोकळ हलली, मग तिने जोर घेतला. जोर घेतल्यापासून हालचाल भरली फक्त 14 मिमी.

"दहा मिलिमीटर गेलं कुठं ओ मॅडम?"

"तूच सांग. ढिलाई कमी करायला नट फिरवलास?"

"पार शेवटपर्यंत फिरवलाय. थ्रेडच संपलं. म्हणून तर केबल लांबली असंल म्हणून नवी टाकली."

जुन्या केबलवर आणि नव्या केबलवर तेवढीच ढिलाई, मग दोष केबलचा नव्हताच. आता त्याला विचारलं, "गिअरबॉक्स काढताना बाहेरच्या बाजूला आणखी कशाकशाला हात लावला होतास?"

तो थोडा थांबला. "फोर्कच्या दांड्याचं बुश खराब होतं, ते बदललं. त्यासाठी ही दांडी काढलीती."

"आणि बसवताना?"

"अंदाजानं बसवली."

फडक्याने चिखल पुसला. दांड्यावरचं टिंब एकीकडे, दांडीवरचं टिंब दुसरीकडे. बरोबर एका दात्याचा फरक!

तिथेच, ऑइल लागलेल्या पुठ्ठ्यावर आम्ही हिशोब केला. समजा दांड्यावर 36 दाते आहेत. पूर्ण वर्तुळ 360 अंश, म्हणजे एक दाता 10 अंश. दांडीची लांबी 80 मिमी. 80 मिमी त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ साधारण 503 मिमी, त्याचा 36 वा भाग जवळपास 14 मिमी. एक दाता चुकला की टोकाला 14 मिमीचा फरक! नट फिरवून त्यातले चारेक मिलिमीटर भरून निघाले होते. उरलेले दहा पोकळ जात होते.

आणि 14 मिमीचं पुढे काय झालं? 14 ला 3 ने भागा, आले साधारण 4.7. त्याला 4 ने भागा, आले 1.2 मिमी. त्यातला बराचसा भाग प्लेटच्या फुगण्यात गेला. मग क्लच सुटणार कसा?

त्याने बोल्ट सैल केला, दांडी एक दाता फिरवली, टिंबासमोर टिंब आणलं, आवळलं, पेडलचा खेळ मापात लावला. इंजिन चालू केलं. पहिला गिअर गपकन पडला, आवाज नाही. रिव्हर्स टाकला, तोही पडला. सगळं मिळून अर्धा तासही लागला नसेल.

तो आनंदाने काही बोललाच नाही. पुठ्ठ्यावरचा हिशोब मात्र त्याने फाडून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. मला आठवलं, याच मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी एके वर्षी 'गणितात कच्चा' असं लिहिलं होतं. परिघाचं सूत्र त्या दिवशी त्याने माझ्याआधी सांगितलं.

आपल्यासाठी यात काय आहे?

त्या मुलाचं कुठे चुकलं? दांडी एक दाता चुकली, ही छोटी चूक. ती कुणाच्याही हातून होते. खरी अडचण पुढची होती. जे काम सगळ्यात अवघड, ज्याची त्याला सगळ्यात जास्त भीती, तिथेच चूक असणार असं त्याने धरून चाललं. 'पहिल्यांदाच करतोय, म्हणजे आतलंच चुकलं असणार.' आणि सगळं पुन्हा उतरवायला निघाला.

आपण वर्गात काय करतो? 432 ला 4 ने भागायला दिलं आणि मुलाने उत्तर 18 लिहिलं. आपण म्हणतो, याला भागाकारच येत नाही. मग पहिल्यापासून भागाकार, पाढे, परत तेच. म्हणजे गिअरबॉक्स खाली! पण त्याची पायरी-पायरी पाहा. 4 ला 4 ने भागलं, बरोबर. 3 ला 4 ने भाग जात नाही हे त्याला कळलंय, पण तिथे शून्य लिहायचं राहिलं. 32 ला भागलं, बरोबर. 108 चे 18 झाले ते एका शून्यामुळे. त्याला भागाकार येतो. त्याचा एक दाता चुकलाय.

घरीही तसंच. पोरगं वाचताना अडखळतं, तर 'याचं लक्षच नसतं' म्हणून आपण मोकळे होतो. चष्म्याचा नंबर बदललाय का, फळ्यावरचं दिसतं का, हे 'बाहेरचं' तपासणं आधी करायला हवं. ते सोपं असतं, स्वस्त असतं आणि मुलाला त्याचा त्रासही होत नाही.

गॅरेजमधून मी चार गोष्टी घेऊन आले:

1. आधी चालत होतं आणि हात लावल्यावर बिघडलं, तर ज्याला हात लावला त्याची पूर्ण यादी करा. छोट्या गोष्टीही त्यात लिहा. बुश बदललेलं त्याला आठवतच नव्हतं.
2. अंदाजाआधी माप. हालचाल कुठवर पोचते आणि कुठे हरवते ते पाहा.
3. बाहेरून आत, सोप्याकडून अवघडाकडे.
4. काढण्याआधी खूण करा. तो आता प्रत्येक सुटा भाग काढण्याआधी रंगाची रेघ मारतो आणि मोबाइलवर फोटो काढतो.

वर्गात करून पाहा

- प्रयोग 1, क्लच प्लेट : दोन स्टीलच्या ताटल्यांमध्ये जाड कागद ठेवा. एकाने ताटल्या दाबून धरायच्या, दुसऱ्याने कागद ओढायचा. मग दाब हळूहळू कमी करा. कागद नक्की कधी सुटतो? 'थोडा दाब काढला' आणि 'पूर्ण काढला' यातला फरक मुलांना हाताला जाणवतो.
- प्रयोग 2, पेडल : 30 सेंमीच्या पट्टीखाली 5 सेंमीच्या खुणेवर पेन्सिल ठेवा. लांबचं टोक 5 सेंमी हलवा आणि जवळचं टोक किती हललं ते मोजा. 1 सेंमी भरतं का? आता जवळच्या टोकावर डस्टर ठेवून लांबचं टोक एका बोटाने दाबा. जोर आणि अंतर यांची देवाणघेवाण दिसते.
- प्रयोग 3, तेलाचा क्लच : सुया नसलेल्या दोन सिरिंज बारीक नळीने जोडा आणि पाणी भरा. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच सरकतो. आता मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा ठेवा आणि परत दाबा. दुसरा दट्ट्या किती मागे राहतो ते मोजा.

मोठ्या मुलांना एक प्रश्न द्या : 'वरच्या साखळीत पेडलखाली 24 मिमी जाडीची चटई आली, तर शेवटच्या चकतीची हालचाल किती उरेल?' उत्तर काढल्यावर घरच्या गाडीतली चटई पाहायला सांगा. ट्रॅक्टर असलेल्या घरातली मुलं तर पेडलच्या तरफेचं माप घेऊन येतील, तेही वर्गात सगळ्यांसमोर मांडायला लावा.

तुमच्या वर्गात काय झालं ते जरूर सांगा. आणि तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याचा असा 'चुकलेला दाता' तुम्हाला सापडला असेल, तर तोही ऐकायला आवडेल.